समोरचा वरचढ असेल तेव्हा

बुद्धिबळाच्या या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयावरची निघाली: पटाच्या दोन बाजूंना बसलेल्यांची ताकद सारखी नसेल तर कसं खेळायचं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज ही चारच घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा लागणार आहे. तिथे पट मांडून बसलात तर बरं.

प्रश्न : मॅडम, मी महाविद्यालयात शिकतो. माझं रेटिंग १४८० आहे. एका खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत माझी गाठ २०२० रेटिंगच्या खेळाडूशी पडली. त्याला हरवणं शक्य नाही हे मी धरूनच चाललो होतो, म्हणून ठरवलं की जमेल तिथे मारामारी करायची, पट रिकामा करायचा आणि बरोबरी गाठायची. चौदाव्या खेळीला वजिरावजिरी केली, मग उंट-घोडे गेले, शेवटी हत्तीही गेले. उरलेल्या प्याद्यांच्या डावात दोघांची तीन-तीन प्यादी होती, तरी मी हरलो. मोहरी कमी झाली की धोकाही कमी होतो ना? मग मी कुठे चुकलो? माझी मोहरी काळी होती. स्कोअरशीट जोडली आहे.

उत्तर : स्कोअरशीट जोडलीत हे फार चांगलं केलंत. नुसत्या वर्णनावरून डावाबद्दल बोलणं म्हणजे अंदाजपंचे होतं.

आधी तुमची शेवटची स्थिती सगळ्यांसमोर मांडते. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे ए ते एच यांपैकी उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी रांग.) पांढऱ्याचा राजा डी४ वर, प्यादी ए४, जी२ आणि एच२ वर. काळ्याचा, म्हणजे तुमचा, राजा डी६ वर, प्यादी डी५, जी७ आणि एच७ वर. खेळी पांढऱ्याची. मोजायला गेलं तर तिनास तीन.

पांढऱ्याने प्यादं ए५ वर सरकवलं. ए आणि बी या दोन्ही पट्ट्यांमध्ये तुमचं एकही प्यादं नाही, त्यामुळे त्याला अडवायला राजाशिवाय कुणीच उरलेलं नाही. तुमचा राजा सी६ वर आला. त्याने ए६ केलं. तुम्ही राजा बी६ वर आणलात, आणि तेवढ्यात त्याच्या राजाने डी५ वरचं प्यादं मारलं. तुम्ही ए६ वरचं मारलंत. हिशोब पुन्हा बरोबर, दोनास दोन. पण आता राजे कुठे आहेत ते पाहा. तुमचा राजा पटाच्या डाव्या कडेला ए६ वर आहे. त्याचा राजा डी५ वर, तिथून ई६, मग एफ७, आणि तुमची जी आणि एच पट्ट्यांतली प्यादी त्याच्या पुढ्यात उघडी. तुम्ही जी५, जी४ असं प्यादं पळवून पाहिलंत, पण राजाने एफ६, जी५ करत त्याला गाठलं. तुमचा राजा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पांढऱ्याने ए-पट्टीतलं प्यादं दिलं ते तुमच्या राजाला लांब ओढून नेण्यासाठी. दूरच्या सुटलेल्या प्याद्याचा, म्हणजे ज्याला समोरचं कुठलंच प्यादं अडवू शकत नाही त्याचा, उपयोग तोच असतो. ते स्वतः वजीर होईल न होईल, पण समोरच्या राजाला कामावरून उठवतं. म्हणून प्याद्यांच्या डावात प्यादी मोजून भागत नाही, ती कुठे उभी आहेत ते पाहावं लागतं. तुम्ही डी६ वर राजा ठेवून बसलात तेव्हा डाव आधीच गेलेला होता. तिथून कुठलीही खेळी तुम्हाला वाचवत नव्हती.

मग डाव गेला कधी? तुमच्या अडतिसाव्या खेळीला. तुमचा हत्ती ए-पट्टीत त्याच्या प्याद्याच्या मागे उभा होता. सुटलेल्या प्याद्याच्या मागे हत्ती हवा, मग ते प्यादं आपलं असो की समोरच्याचं. प्यादं जितकं पुढे जाईल तितकी तुमच्या हत्तीला मागे मोकळी जागा मिळते, आणि त्याच्या हत्तीला मात्र त्या प्याद्याच्या राखणीला जखडून राहावं लागतं. हत्तींचे डाव एक प्यादं कमी असतानाही बरोबरीत सोडवता येतात, तुमची तर प्यादीही सारखी होती. अशा वेळी तुम्ही ती पट्टी सोडलीत, हत्ती त्याच्या हत्तीसमोर नेऊन ठेवलात आणि अदलाबदल करवून घेतलीत. त्याला जे तासभर झगडून मिळालं नसतं ते तुम्ही त्याच्या हातात दिलंत.

मोहरी कमी झाली की डाव सोपा होतो हे खरं, पण ज्याला तो येतो त्याच्यासाठी. २०२० रेटिंगच्या माणसाची आणि तुमची सगळ्यात मोठी तफावत असते ती नेमकी इथे, शेवटच्या टप्प्यात. भरल्या पटावर त्यालाही दहा गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्यातली एखादी त्याच्या हातून सुटू शकते. तीन प्यादी आणि राजा उरल्यावर त्याच्या हातून काय सुटणार? तिथे त्याला विचारसुद्धा करावा लागत नाही, पाठच असतं.

आता मागे जाऊया, कारण हीच सवय तुमच्या डावात सुरुवातीपासून दिसते. सहाव्या खेळीला तुमच्या जी४ वरच्या उंटाने एफ३ वरचा घोडा मारला. का? तो घोडा तुम्हाला काही करत नव्हता. पांढऱ्याने वजिराने परत मारलं. तुमचा उंट दोन खेळ्या चालून पटावरून गेला आणि त्याचा वजीर एकही खेळी न दवडता छान जागी येऊन बसला. अदलाबदल करताना कुणाचं कोणतं मोहरं कशाने पुढे आलं हे पाहिलं नाही, तर समोरच्याची फौज आपणच बाहेर काढून देतो.

याच मारामारीने सुरू झालेला एक डाव सगळ्या जगाला माहीत आहे. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरामध्ये अमेरिकेचा पॉल मॉर्फी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघं मिळून, आपसात सल्लामसलत करत खेळले. ताकदीचा फरक इतका की दोन डोकी एकत्र येऊनही तो भरून निघाला नाही. ई४ ई५, घोडा एफ३ प्यादं डी६, प्यादं डी४ आणि लगेच तिसऱ्याच खेळीला काळ्याचा उंट जी४ वर. मॉर्फीने ई५ वर मारलं. आता काळ्याने सरळ ई५ वर परत मारलं तर वजिरावजिरी होऊन ई५ वरचं प्यादं जातं, म्हणून त्यांना एफ३ वरचा घोडा मारावाच लागला. त्यांच्यावर निदान सक्ती होती, तुमच्यावर तीही नव्हती. मॉर्फीच्या वजिराने एफ३ वर परत मारलं आणि तिथून त्याची एकेक खेळी एकेक नवं मोहरं घेऊन आली. सतराव्या खेळीला हत्तीने डी८ वर मात दिली. त्या वेळी काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती एकदाही हललेले नव्हते. दोन मोहरी घरातच बसवून ते लढत होते. हा डाव तुम्ही पटावर तीनदा खेळून पाहा, आणि प्रत्येक वेळी फक्त एवढंच मोजा की कोणत्या बाजूची किती मोहरी लढाईत आहेत.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, ज्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं: ‘हरवणं शक्य नाही हे मी धरूनच चाललो होतो’. रेटिंगमध्ये ५४० चा फरक म्हणजे शंभर डावांत मिळून तुमचे अपेक्षित गुण तीन-चार, हे मला मान्य आहे. पण ते गुण कुणाला तरी मिळतात ना? ते मिळवणारा माणूस पट रिकामा करत बसलेला नसतो. मीर सुलतान खान हा पंजाबातून इंग्लंडला गेलेला खेळाडू. आपल्याकडच्या जुन्या नियमांवर तो वाढला होता. त्या नियमांत प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नसे. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची, पुस्तकी तयारी त्याच्याकडे जवळजवळ नव्हती. तरी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवलं, तेही साठाहून अधिक खेळ्यांच्या डावात. त्याने पट पेटवून दिला नव्हता आणि घाईने मोहरीही काढून टाकली नव्हती. कापाब्लांकाच्या तोडीचा संयम ठेवून तो स्थिती सुधारत गेला. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०२४ मध्ये त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

उलट टोकाचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: ‘तगडा असेल तर गोंधळ घाल, मोहरं फेकून हल्ला कर.’ तेही करू नका. हिशोब न करता दिलेलं मोहरं तुमच्यापेक्षा चांगला हिशोब करणाऱ्याला दिलं तर तो ते खिशात टाकतो आणि पुढे जातो. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते ते असं: किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल, कॅसलिंग) वेळेवर करा, सगळी मोहरी बाहेर काढा, आणि अदलाबदल समोर आली की मारण्याआधी मनात पटावरची उरलेली मोहरीही उचलून बघा. नुसते राजे आणि प्यादी राहिली तर ते प्याद्यांचं चित्र कुणाला आवडेल? तुम्हाला आवडत असेल तर बेलाशक मारा. नसेल तर ताण तसाच राहू द्या, त्यालाच ठरवू द्या. तुमच्या डावात ए-पट्टीत त्याचं एकटं प्यादं आणि मधोमध तुमचं एकटं डी५ हे चित्र बाविसाव्या खेळीपासून दिसत होतं. तेव्हाच कळायला हवं होतं की या डावात काळ्याने हत्ती जिवापाड जपायचे.

आणखी एक. खुल्या स्पर्धेत स्विस पद्धतीने पहिल्या फेरीत यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. म्हणजे १४८० असताना तुम्हाला पहिल्या फेरीत असाच खेळाडू येणार, दर वेळी येणार. त्याला संकट समजण्यापेक्षा त्यासाठी तयारी करून जा. राजा-प्याद्यांचे मूलभूत डाव आणि हत्ती-प्याद्यांचे चार-पाच डाव पक्के करा. ओपनिंगच्या तिसाव्या खेळीपर्यंतचं पाठांतर त्यानंतर.

प्रश्न : आजी, मी सातवीत आहे. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे आणि खूप छान खेळतो. पूर्वी तो मला नेहमी हरवायचा. आता मी रडते म्हणून तो मधूनमधून मुद्दाम हरतो. मला ते कळतं. मग मला जास्तच राग येतो. पण तो खरा खेळला तर मी कधीच जिंकणार नाही. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुद्दाम हरणं तुला कळतं, यावरून मला एक गोष्ट नक्की समजली, की तू पटाकडे नीट बघतेस. ज्याला डाव समजत नाही त्याला ते कळलंच नसतं.

दादाला हे दाखव आणि सांग की आजींनी मुद्दाम हरायला सक्त मनाई केली आहे. त्याचं मन चांगलं आहे, तुझ्यावर त्याची माया आहे, पण तो चुकीची खेळी करतो तेव्हा तुला चुकीची गोष्ट शिकवतो. तू एखादी कच्ची खेळी करतेस, तो ती सोडून देतो, आणि तुला वाटतं की खेळी चांगली होती. उद्या शाळेच्या स्पर्धेत तीच खेळी तुला महागात पडेल.

त्यापेक्षा त्याने तुला उघडपणे सवलत द्यावी. लपवून नाही, डाव सुरू होण्याआधी, दोघांनी ठरवून. ही पद्धत जुनी आणि मानाची आहे. फ्रान्सचा फिलिडोर अशी सवलत द्यायचा, मॉर्फी द्यायचा, आणि घेणाऱ्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. दादाने पांढरी मोहरी घेऊन बी१ वरचा घोडा पटावरून काढून ठेवायचा आणि मग पूर्ण ताकदीने खेळायचं. तुला एक अख्खा घोडा जास्त आणि त्याला जिंकण्यासाठी खरी मेहनत. तू घोड्याच्या सवलतीत सारखी जिंकायला लागलीस की पुढची पायरी: त्याने काळी मोहरी घ्यायची, एफ७ वरचं प्यादं काढायचं आणि पहिली खेळी तुझी. याला जुने लोक ‘प्यादं आणि चाल’ म्हणतात. एफ७ च का? कारण ते प्यादं फक्त राजाच्या राखणीत असतं, ते गेलं की राजाकडे जाणारा कर्ण लगेच उघडा पडतो. ती कमतरता घेऊन तो कसा सांभाळतो हे बघताना तुला राजाची राखण कशी करायची ते आपोआप कळेल.

मोहरं द्यायचं नसेल तर वेळ द्या. तुझ्या घड्याळात १५ मिनिटं, त्याच्या घड्याळात ५.

हे लहान मुलांचं आहे असं दादा म्हणाला तर त्याला सांग, २०१६ मध्ये अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा कोमोडो या संगणकाशी खेळला तेव्हा प्रत्येक डावात संगणकाने त्याला काही ना काही सवलत दिली होती. जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी तो एक, आणि तरी चार डावांत तीन बरोबरीत सुटले आणि एक तो हरला. सवलत घेतल्यामुळे त्याची पत काही कमी झाली नाही.

आणि हरण्याबद्दल. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू होते. ते जॉन कोक्रेन या स्कॉटिश वकिलाशी खूप डाव खेळले आणि त्यातले बरेचसे हरले. पण ते आपल्या पद्धतीने खेळत राहिले. प्यादं जी६ वर, उंट जी७ वर, घोडा एफ६ वर, मधली जागा आधी समोरच्याला घेऊ द्यायची आणि मग तिच्यावर मारा करायचा. तेव्हा युरोपातल्यांना ते विचित्र वाटायचं. आज जगभर अशा बचावांना ‘इंडियन’ म्हणतात, आणि त्या नावाचा धागा त्या हरलेल्या डावांपर्यंत जातो.

एक वही कर. दादाशी झालेला प्रत्येक डाव त्यात लिही, सवलत कोणती होती तेही लिही. हरलेल्या डावात कोणत्या खेळीनंतर बिघडलं तिथे खूण कर आणि दादाला विचार, ‘इथे तू असतास तर काय खेळला असतास?’ जिंकण्यापेक्षा हे उत्तर त्याच्याकडून काढून घे. रडू आलं तर रड, त्यात काही नाही. पण रडून झाल्यावर वही उघड.

प्रश्न : माझं रेटिंग १९०० च्या आसपास आहे. गेल्या काही स्पर्धांमध्ये १७०० च्या मुलांशी माझे डाव बरोबरीत सुटतात किंवा मी हरतो, आणि रेटिंग घसरत चाललं आहे. त्यांना लवकर गुंडाळावं म्हणून मी धारदार, फसव्या ओपनिंग खेळतो, पण उलटंच होतं. कमी रेटिंगच्या खेळाडूशी कसं खेळावं?

उत्तर : आधी आकडे समजून घ्या, म्हणजे राग थोडा कमी होईल. ही रेटिंगपद्धत आर्पाद एलो या अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन वंशाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवली आणि फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिच्या तक्त्यानुसार २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून प्रत्येक डावात सरासरी ०.७६ गुणाची अपेक्षा असते. म्हणजे चार डावांत तीन गुण. चारही डाव जिंकण्याची अपेक्षा ती पद्धतसुद्धा तुमच्याकडून करत नाही. तुमचा के-गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, २० धरला तर जिंकल्यावर ४.८ मिळतात, बरोबरीत ५.२ जातात आणि हरलात तर १५.२ जातात. अधूनमधून एक डाव बरोबरीत सुटणं हे तुमच्या खात्यात आधीच धरलेलं आहे.

दुसरं म्हणजे, ती मुलं १७०० ची नसतात. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूंना के-गुणक ४० असतो तो यासाठीच, की त्यांची ताकद रेटिंगच्या पुढे धावत असते आणि आकड्याला त्यांना गाठायला वेळ लागतो. तुम्ही कागदावरच्या आकड्याशी खेळायला बसता आणि समोर गेल्या सहा महिन्यांत बराच पुढे गेलेला मुलगा असतो.

आता खेळण्याबद्दल. ‘लवकर गुंडाळावं’ हा विचार डोक्यातून काढा. फसव्या ओपनिंग ही मुलं संगणकावर तुमच्यापेक्षा जास्त पाहून येतात. तिथे तुम्ही तुमचं बळ सोडून त्यांच्या बळावर खेळता. वरच्या उत्तरातल्या मॉर्फीच्या डावाकडे पुन्हा एकदा वळते. आठव्या खेळीला त्याचा वजीर बी३ वर होता आणि बी७ वरचं प्यादं फुकट मिळत होतं. घेतलं असतं तर काळ्याने वजीर बी४ वर आणून शह दिला असता, वजिरावजिरी झाली असती आणि मॉर्फी एका प्याद्याने वर राहिला असता. त्याच्यासारख्याला तेवढंही पुरलं असतं. पण त्याने घोडा सी३ वर काढला. प्यादं सोडलं आणि आणखी एक मोहरं लढाईत आणलं. समोर कच्चे खेळाडू आहेत म्हणून त्याने सापळा लावला नाही. जगातल्या सगळ्यात बळकट खेळाडूविरुद्ध जी खेळी करायची तीच त्यांच्याविरुद्ध केली. एवढ्या साध्या खेळीवर मी इतकी वर्षं मुलांना थांबवते, कारण वरचढ खेळाडूने कसं खेळावं हे मला त्याहून चांगलं दाखवता येत नाही.

तुमच्याकडे १७०० च्या मुलापेक्षा जास्त काय आहे? अनुभव, धीर, शेवटच्या टप्प्याची समज. मग डाव तिथपर्यंत न्या. पक्की ओपनिंग खेळा, छोटासा फायदा मिळाला तर तो जपा, घाईने तो रोख करू नका. चाळिसाव्या खेळीनंतर तुमच्या ज्ञानाचं वजन पडायला लागेल. मुलं अशा वेळी कंटाळतात, खुर्चीतून उठून दुसऱ्या पटांवर डोकावून येतात. तुम्ही उठू नका. आणि समोरचा चांगला खेळून बरोबरी साधून गेला तर हात मिळवताना त्याला तसं सांगा. त्याच्यासाठी तो दिवस मोठा असतो. १९२५ मध्ये जगज्जेता कापाब्लांका लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी अनेकांशी खेळत होता आणि १४ वर्षांच्या एका मुलाकडून तो एक डाव हरला. त्या मुलाचं नाव मिखाइल बोटविनिक, पुढे तोही जगज्जेता झाला.

प्रश्न : तगड्या खेळाडूला आपण बरोबरीचा प्रस्ताव द्यावा का? आणि हरतोय असं दिसल्यावर केव्हा डाव सोडावा? नुकताच मी एक डाव सोडला. माझा (काळा) राजा एफ७ वर एकटाच होता. समोरच्याचा राजा एफ४, उंट डी३, प्यादं एच४. खेळी माझी होती. त्याचं रेटिंग माझ्यापेक्षा ४०० ने जास्त होतं, उगाच त्याचा वेळ कशाला घ्या, असं वाटलं.

उत्तर : प्रस्ताव द्यायला हरकत नाही, पण एकदाच. आपली खेळी करायची, प्रस्ताव बोलायचा, मग घड्याळ दाबायचं, हा क्रम. त्याने नाकारला तर स्थिती बदलल्याशिवाय पुन्हा विचारू नका. सारखं विचारत राहणं म्हणजे समोरच्याला त्रास देणं, आणि पंच त्यावर कारवाई करू शकतात. मुळात तुमची स्थिती चांगली असेल तर प्रस्ताव देऊच नका. तगड्या खेळाडूला बरोबरी हवी असेल तर तो स्वतः मागेल, आणि तो मागतोय म्हणजे पटावर काहीतरी तुमच्या बाजूचं आहे, तेव्हा खेळी करण्याआधी दहा मिनिटं घ्या.

तुम्ही सोडलेला डाव मात्र बरोबरीचा होता. पट मांडून बघा. डी३ वरचा उंट पांढऱ्या घरांचा आहे, आणि एच-पट्टीतलं प्यादं वजीर होणार ते एच८ हे घर काळं. तो उंट त्या कोपऱ्यावर कधीच मारा करू शकत नाही. तुम्ही राजा जी७ वर न्यायचा आणि तिथून जी७, जी८, एच८ या घरांमध्ये फिरत राहायचं. प्यादं एच६ वर आलं आणि त्याने शह दिला तरी तुम्ही एच८ वर जाता. मग त्याने तुमची सगळी घरं बंद केली की शह नसताना तुमच्याकडे खेळी उरत नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. तसं नाही केलं आणि उंट नुसता फिरवत बसला, तर प्याद्याची एकही खेळी किंवा मारामारी न होता ५० खेळ्या झाल्यावर तुम्ही बरोबरी मागू शकता.

उंट काळ्या घरांचा असता, तर चित्र वेगळं होतं. तेव्हा एच८ त्याच्या ताब्यात आलं असतं आणि तुमचा डाव खरोखरच संपला असता. म्हणून डाव सोडण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: प्यादं कडेचं आहे का, ते वजीर होणारं घर कोणत्या रंगाचं, आणि आपला राजा त्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का. तिन्ही पाहायला अर्धं मिनिट पुरतं. समोरच्याच्या वेळेची काळजी करू नका, त्याचं घड्याळ त्याच्याकडे आहे. असा डाव पुन्हा आला तर राजा जी७ वर न्या आणि त्याला जिंकून दाखवू द्या.